ऑपरेशनच्या आधी घरात होणाऱ्या चुका, या टाळाच

ऑपरेशनची तारीख मिळाली की घरातली सगळी धावपळ मेडिक्लेम, कॅशलेस आणि रक्त द्यायला कोण येणार यातच जाते, पेशंटची तयारी राहते आदल्या रात्रीवर. मी पुण्यात एका हॉस्पिटलच्या वॉर्डात सिस्टर आहे, ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) न्यायच्या आधी आम्ही जे विचारतो त्याची खरी उत्तरं मिळाली तर खूप त्रास वाचतो, म्हणून हे लिहितेय.

सगळ्यात जास्त घोळ उपाशी राहण्यात होतो. "आजी, काही खाल्लंय का?" "नाही गं बाई, काहीच नाही." मग जरा बाजूला घेऊन विचारलं की सूनबाई हळूच सांगतात, पहाटे घोटभर चहा दिला, त्यांना त्याशिवाय चालत नाही ना, सोबत एकच बिस्कीट. दुधाचा चहा खाण्यातच धरतात हो! भूल दिली की ठसका लागून घसा मोकळा करायची शरीराची सोय बंद पडते, पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेतू शकतं. मोठ्या माणसांसाठी साधारण हिशोब असा, तळलेलं-तेलकट-मटण ८ तास आधी बंद, हलकं खाणं आणि दूध ६ तास आधी, साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं, पण डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर तेच पाळायचं. साबुदाण्याची खिचडी उपासाची असली तरी इथे ते पूर्ण जेवणच. आणि उलटी चूकही होते, नंबर दुपारी दोनचा आणि आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंब नाही, मग म्हातारी माणसं पार गळून जातात. पाणी कधीपर्यंत द्यायचं हे भूलतज्ज्ञांना स्पष्ट विचारा. चुकून चहा गेलाच तर तसं सांगा, ऑपरेशन काही तास पुढे जाईल, कोणी रागावलं तरी चालेल पण लपवू नका.

दुसरं औषधांचं. गोळ्यांची नावं पाठ नसतात, "एक पांढरी, एक गुलाबी" एवढ्यावर आम्हाला काही कळत नाही, रिकाम्या स्ट्रिप्स सरळ पिशवीत घालून आणा, जुन्या ऑपरेशनचे कागद आणि ॲलर्जी असेल तर तीही सांगा. रक्त पातळ करायची गोळी शेजाऱ्यांच्या सल्ल्याने बंद करू नका, स्टेंट (हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेली जाळी) असलेल्या माणसात ते फार धोक्याचं, आणि न सांगता चालूही ठेवू नका. शुगरवाल्यांनी उपाशीपोटी नेहमीची गोळी किंवा इन्सुलिन स्वतःच्या मनाने घ्यायचं नाही, डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या तर बहुतेक ३ दिवस आधीपासून थांबवतात. बीपीची गोळी सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात, पण सगळ्याच नाही, म्हणून एकेक नाव घेऊन विचारायचं. काढे, चूर्णं, आयुर्वेदिक गोळ्या पण सांगा, "ते काय औषध थोडीच" असं म्हणून बरेच जण गाळतात.

मिश्रीबद्दल (भाजलेल्या तंबाखूची पूड, दाताला लावतात ती) कोणी बोलतच नाही, आमच्याकडे गावाकडून आलेल्या कितीतरी आज्या, मावश्या लावतात पण मुलांसमोर सांगायला लाजतात. मिश्री, तंबाखू, सिगरेट, सगळ्यात निकोटिन आहे, जखम भरायला वेळ लागतो, आणि सिगरेटवाल्यांचा कफ ऑपरेशननंतर फार छळतो. निदान ४ आठवडे आधी बंद झालं तर फरक पडतो. श्वासाच्या व्यायामासाठी तीन बॉलचं फुंकणीसारखं यंत्र दिलं असेल तर आधीपासून सराव करा (त्यात फुंकायचं नाही, हवा आत ओढायची).

घरी वस्तऱ्याने केस काढून येऊ नका, बारीक ओरखडे पडून इन्फेक्शनचा धोका वाढतो, गरज असेल तर आम्ही इथे मशीनने काढतो. नेलपॉलिश काढा, कवळी, जोडवी, बांगड्या, मंगळसूत्रही घरीच ठेवा, रडारड होते दरवेळी पण ओटीत धातू नको.

सर्दी, ताप, लघवीची जळजळ काहीही वाटलं तर आदल्या दिवशीच फोन करा. आणि तारीख विसर्जनाच्या किंवा पालखीच्या दिवसांत असेल तर रस्ते बंद असतात, पेठांमध्ये राहणाऱ्यांनी आदल्या दिवशीच ॲडमिट होता येईल का ते विचारून ठेवा.