ॲप पार्श्वभूमीत असताना नेटवर्कमधला बदल कसा टिपावा

घोडबंदर रस्त्यावरच्या एखाद्या टॉवरच्या तळघरात वीजमीटरचे रीडिंग घेणारा कर्मचारी ॲपमध्ये नोंद करतो आणि फोन खिशात टाकून वर येतो. रेंज परत येते तेव्हा ॲप पडद्यावर नसते, तरीही नोंद सर्व्हरवर पोहोचायला हवी असते.

यासाठी अँड्रॉइडवर मॅनिफेस्टमध्ये (ॲपची माहिती सिस्टिमला देणाऱ्या फाइलमध्ये) ‘कनेक्टिव्हिटी ॲक्शन’चा, म्हणजे नेटवर्क बदलल्याच्या प्रसारणाचा, रिसीव्हर नोंदवण्याची जुनी रीत आता उपयोगाची नाही, कारण अँड्रॉइड ७.० किंवा त्यापुढील आवृत्ती लक्ष्य ठेवणाऱ्या ॲपना ते प्रसारण अशा रिसीव्हरमार्फत मिळत नाही. ॲप उघडे असताना कनेक्टिव्हिटी मॅनेजरकडे डिफॉल्ट नेटवर्कचा कॉलबॅक, म्हणजे बदल झाला की सिस्टिमने हाक मारायचे फंक्शन, नोंदवावा; मात्र प्रोसेस बंद पडली की तोही संपतो. म्हणून पार्श्वभूमीत स्वतः पाळत ठेवत बसण्यापेक्षा काम अटीसह सिस्टिमच्या हवाली करणे, हाच माझ्या मते खरा उपाय आहे. नोंद आधी फोनमधल्या डेटाबेसमध्ये जतन करावी आणि मग वर्कमॅनेजरला (अट पूर्ण झाली की काम चालवणाऱ्या अँड्रॉइडच्या लायब्ररीला) ‘नेटवर्क जोडलेले असावे’ या अटीवर एकदाच करायचे काम द्यावे. हे काम फोन रीस्टार्ट झाला तरी टिकते. डोझ अवस्थेत (फोन बराच वेळ पडून असताना बॅटरी वाचवणाऱ्या झोपेत) मात्र ते लांबू शकते, त्यामुळे ‘लगेच पाठवले जाईल’ असे वापरकर्त्याला सांगू नये.

कॉलबॅक वापरताना दोन ठिकाणी हमखास फसगत होते. फोन वायफायवरून थेट मोबाइल डेटावर गेला, तर डिफॉल्ट कॉलबॅकमध्ये ‘ऑनलॉस्ट’ (नेटवर्क गेले) येईलच असे नाही. नव्या नेटवर्कचे ‘ऑनअव्हेलेबल’ (नेटवर्क मिळाले) थेट येऊ शकते. दुसरे असे की, ठाणे स्थानकावरच्या मोफत वायफायला फोन जोडला गेला पण ओटीपी भरलेला नसला, तर नेटवर्क ‘उपलब्ध’ दिसते आणि इंटरनेट मात्र नसते. तेव्हा ‘ऑनकेपॅबिलिटीजचेंज्ड’ची (नेटवर्कच्या क्षमता कळवणाऱ्या हाकेची) वाट पाहून ‘व्हॅलिडेटेड’ (इंटरनेट चालते असे सिस्टिमने पडताळलेले) ही क्षमता तपासावी. तीही खात्री नव्हे. पाठवणे फसल्यास पुन्हा प्रयत्न व्हावा आणि तीच नोंद दोनदा पोहोचली तरी सर्व्हरने ती एकच धरावी, यासाठी प्रत्येक नोंदीला फोनवरच अनन्य क्रमांक द्यावा.

आयफोनवर आयओएस १२ पासून नेटवर्कमधले बदल कळवणारा एनडब्ल्यूपाथमॉनिटर आहे, परंतु ॲप निलंबित झाल्यावर त्याचे अपडेट मिळत नाहीत. तिथे नोंद फाइलमध्ये लिहून बॅकग्राउंड यूआरएलसेशनकडे, म्हणजे ॲप निलंबित असतानाही पाठवण्याचे काम सिस्टिमकडून करून घेणाऱ्या सोयीकडे, सोपवावी.

चाचणीसाठी एअरप्लेन मोड चालू-बंद करणे पुरेसे नाही. एडीबीच्या (संगणकावरून अँड्रॉइड फोनला आज्ञा देणाऱ्या साधनाच्या) ‘डिव्हाइसआयडल’ आज्ञेने फोन डोझमध्ये ढकलून, अलीकडील ॲपच्या यादीतून ॲप काढून टाकून, आणि लॉगिन न केलेल्या वायफायवर, अशा तिन्ही परिस्थितींत नोंद पोहोचते का ते तपासावे.