घरच्या कॉम्प्युटरची छुपी माहिती-वसुली बंद करताय? या चुका टाळा

दारव्हा-दिग्रसकडच्या गावांत आता बऱ्याच घरी लॅपटॉप आहे. पोरगं शिकायला नागपूर-पुण्याला गेलं, नवा घेतला, की जुना घरी येतो. मग त्यावर सातबारा, आधार, पीकविम्याच्या पावत्या, बँकेचं पासबुक असं सगळं स्कॅन होऊन बसतं. अशा यंत्रावरून विंडोज मागच्या मागे वापराची माहिती पाठवते, हे लोकांना कळायला लागलंय, आणि ते बंद करावंसं वाटतं हे योग्यच आहे. पण बंद करायला बसले की चुका ठरलेल्या. बिघडलेलं यंत्र पिशवीत घालून माणूस माझ्याकडे येतो आणि मी पुन्हा तेच सांगतो. म्हणून एकदा लिहूनच ठेवतो.

एका क्लिकमध्ये सगळं बंद करणारी फाइल

सगळ्यात जास्त नुकसान हिनं केलंय. एका उन्हाळ्यात रात्री जेवणं झाल्यावर बाजूच्या गावचे एक शेतकरी आपल्या मुलाला आणि लॅपटॉपला घेऊन आले. मुलीची सीईटी दुसऱ्या दिवशी सकाळी यवतमाळला, हॉल तिकीट काढायचं होतं आणि प्रिंटर काही केल्या छापेना.

"काय केलं बाबू याच्यात?" मी विचारलं.

"काहीच नाही जी. विंडोज आपली माहिती चोरते म्हणे, म्हणून एक फाइल चालवली. व्हिडिओच्या खाली लिंक होती न."

ती फाइल नोटपॅडमध्ये उघडली. माहिती पाठवणं बंद करणारी ओळ त्यात होती, खोटं कशाला बोला. पण तिच्यासोबत प्रिंट स्पूलर (छपाईचं काम प्रिंटरकडे धाडणारी सोय) बंद, विंडोज अपडेट बंद, डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस) बंद, स्टोअर उडवलेलं, शोधायची सोयही बंद. लिहिणाऱ्यानं स्वतःच्या यंत्राला जे नको होतं ते सगळं कापलं होतं. त्याच्या घरी प्रिंटर नसेल. उभ्या कपाशीवर दिसेल ते तणनाशक मारलं तर तणासोबत कपाशीही जाते, तसंच झालं.

रनच्या चौकटीत सर्व्हिसेस डॉट एमएससी लिहून (मागच्या मागे चालणाऱ्या सोयींची यादी त्यानं उघडते) प्रिंट स्पूलर ऑटोमॅटिकवर आणला, स्टार्ट दिला, हॉल तिकीट निघालं. ती पोरगी पेपरला गेली. उरलेलं मात्र नीट परत आलं नाही. फाइल चालवण्याआधी रिस्टोर पॉइंट केलेला नव्हता, त्यामुळे मागे जायची वाटच नव्हती. शेवटी कागदपत्रं, फोटो पेनड्राइव्हवर काढून विंडोज नव्यानं टाकावी लागली. आणि त्या पोराला जे हवं होतं ते सेटिंग्जमधलं एक बटण होतं.

ज्या फाइलीतली ओळ न् ओळ तुम्हाला वाचता येत नाही, तिला ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी देऊ नका. व्हिडिओवाला लाख चांगला असेल, तुमचं यंत्र त्यानं पाहिलेलं नाही. घाई असलेल्या पोट्ट्यांना माझं हे बोलणं रटाळ वाटतं, वाटू द्या. माझी सवय अशी: आधी स्टार्टमध्ये 'क्रिएट अ रिस्टोर पॉइंट' शोधायचं (घरच्या यंत्रांवर सिस्टिम प्रोटेक्शन बरेचदा बंदच असतं, ते सुरू करायचं), मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची, यंत्र रिस्टार्ट करायचं, एक पान छापून पाहायचं, इंटरनेट पाहायचं आणि मगच पुढच्या गोष्टीला हात लावायचा. काय बदललं ते वहीत तारखेनिशी लिहायचं.

खरं बटण सोडून भलतीकडे हात

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग डायग्नोस्टिक्स अँड फीडबॅक. तिथे 'सेंड ऑप्शनल डायग्नोस्टिक डेटा' बंद करा. विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी, डायग्नोस्टिक्स अँड फीडबॅक; तिथे 'रिक्वायर्ड' निवडा. हे बटण का महत्त्वाचं ते समजून घ्या. ऑप्शनल सुरू असेल तर ॲप कसे वापरता, विंडोजच्या एज ब्राउझरमध्ये कोणत्या साइट पाहता हे जातंच, शिवाय एखादा प्रोग्रॅम कोसळला की त्या वेळची मेमरीही जाऊ शकते. तिच्यात तुम्ही उघडलेल्या फाइलीचा तुकडा असू शकतो, असं मायक्रोसॉफ्टनंच लिहून ठेवलंय. घरी आधार उघडून अर्ज भरणाऱ्याला एवढं कारण पुरे.

त्याच पानावर खाली 'डिलीट डायग्नोस्टिक डेटा' आहे. बटण बंद केल्यानं आधी गेलेलं परत येत नाही, म्हणून तेही दाबा. टायपिंगचा नमुना पाठवणं, जाहिरात आयडी, तुमच्या वापरावर बेतलेल्या सूचना, सगळं तिथेच आसपास आहे. पाच मिनिटांचं काम.

काय जातं ते डोळ्यांनी पाहायचं असेल तर डायग्नोस्टिक डेटा व्ह्यूअर आहे. पाहून झाल्यावर बंद करा, तो डिस्कवर १ जीबीपर्यंत जागा धरतो.

रजिस्ट्रीत शून्य लिहिलं म्हणजे झालं

टेलिमेट्री म्हणजे हेच मागच्या मागे माहिती पाठवणं. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगांच्या नोंदवहीत, 'अलाउ टेलिमेट्री'पुढचा आकडा ० केला आणि आता काहीच जात नाही, असं मला कितीतरी जणांनी छातीठोक सांगितलंय. ते शून्य विंडोजच्या एंटरप्राइज, एज्युकेशन आणि सर्व्हर आवृत्त्यांतच चालतं. आपल्याकडे येणाऱ्या लॅपटॉपवर बहुतेक 'होम सिंगल लँग्वेज' ही घरगुती आवृत्ती असते. त्यांत ० लिहा की १ लिहा, आवश्यक तेवढी माहिती जातेच: यंत्र कोणतं, अपडेट लागलं की नाही, वगैरे. होमवर किमान पातळी गाठता येते, हे मान्य करून पुढे चला. ज्याला तेवढंही पाठवायचं नाही, त्यानं विंडोजऐवजी चालणारी लिनक्स प्रणाली शिकावी. मी आनंदानं टाकून देतो, पण मग शिकायची तयारी पाहिजे.

सर्व्हिसेसमध्ये मी एकाच गोष्टीला हात लावतो: 'कनेक्टेड यूजर एक्सपीरियन्सेस अँड टेलिमेट्री'. स्टॉप करायची, स्टार्टअप टाइप डिसेबल्ड. जुन्या हार्ड डिस्कच्या यंत्रावर डिस्क १०० टक्क्यांवर अडकत असेल आणि टास्क मॅनेजरमध्ये 'कॉम्पॅट टेल रनर' दिसत असेल, तर टास्क शेड्यूलरमध्ये ॲप्लिकेशन एक्सपीरियन्सखाली 'मायक्रोसॉफ्ट कॉम्पॅटिबिलिटी अप्रेझर' डिसेबल करतो. बाकी काही नाही.

'माझा डेटा तेच खाऊन राह्यलं'

खेड्यात इंटरनेट म्हणजे बरेचदा मोबाइलचा हॉटस्पॉट. रोजचा दीड जीबी दुपारपर्यंत संपला की दोष टेलिमेट्रीला. आधी सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेटखाली डेटा यूसेज पाहा, कोण किती खातं ते नावानिशी दिसतं. बहुतेक वेळा विंडोज अपडेट, वनड्राइव्ह किंवा ब्राउझर निघतो. दुसरं, विंडोज अपडेटच्या सेटिंगमधलं डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन. त्यात इंटरनेटवरच्या परक्या यंत्रांशी देवाणघेवाण सुरू असेल तर तुम्ही उतरवलेल्या अपडेटचे तुकडे तुमच्याच डेटातून दुसऱ्यांना जातात. ते बंद करा, आणि हॉटस्पॉटच्या जोडणीवर 'मीटर्ड कनेक्शन' (इथला डेटा मोजका आहे असं विंडोजला सांगणारं बटण) सुरू करा. मग मात्र शहरात पोराच्या खोलीवर किंवा जिथे वायफाय असेल तिथे लॅपटॉप नेला की आठवणीनं अपडेट करून आणा.

अपडेटच कायमचं बंद करणं ही वेगळी आणि मोठी चूक आहे. त्यानं तुमची माहिती कंपनीपासून थोडी वाचते आणि चोरांसाठी दार उघडं राहतं. विंडोज १० ची नेहमीची मदत, म्हणजे सुरक्षेची अपडेट देणं, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. ज्यांच्या यंत्राला ११ चालते त्यांनी तरी थांबू नये.

थोडक्यात आणखी काही

होस्ट्स फाइलीत (कोणता इंटरनेट पत्ता कुठे न्यायचा ते यंत्राला सांगणारी फाइल) मायक्रोसॉफ्टचे पत्ते अडवू नका. २०२० पासून डिफेंडर अशी फाइल धोकादायक म्हणून पकडतो.

प्रायव्हसीसाठी फुकट अँटिव्हायरस टाकू नका. अ‍ॅव्हास्टनं वापरणाऱ्यांच्या ब्राउझिंगची माहिती विकली म्हणून अमेरिकेच्या व्यापार आयोगानं २०२४ मध्ये १.६५ कोटी डॉलर भरायला लावले. घरच्या वापराला डिफेंडर पुरतो.

दुकानातून 'लाइट' विंडोज टाकून घेऊ नका. कोणी काय कापलं, काय घातलं, कोणालाच माहीत नसतं.

ब्राउझर विसरू नका. विंडोज गप्प केली आणि क्रोम सगळं पाठवतंय, हे दर दुसऱ्या यंत्रावर दिसतं. क्रोममध्ये 'हेल्प इम्प्रूव्ह क्रोम' आणि फायरफॉक्समध्ये तांत्रिक माहिती पाठवण्याची खूण काढा.

आणि एकदा बंद केलं म्हणजे कायमचं बंद, असं समजू नका. मोठ्या अपडेटनंतर काही बटणं आणि ती सर्व्हिस पुन्हा सुरू झालेली मी पाहिली आहे. विंडोज ११ चं वर्षाचं मोठं अपडेट बहुतेक सप्टेंबर-ऑक्टोबरात यायला लागतं, म्हणून मी दिवाळीच्या साफसफाईत वही काढतो आणि लिहिलेलं एकेक बटण पुन्हा उघडून पाहतो.