आकाशवाणीच्या दहा मिनिटांच्या बातम्यांवरून राज्याचं राजकारण कसं फॉलो करायचं

टीव्हीवर राज्याचं राजकारण बघायचं म्हणजे कोण कोणाला काय बोललं, त्यावर तिसरा काय बोलला, आणि रात्री चार जण चौकटीत बसून एकाच वेळी ओरडणार. सरकारने दिवसभरात केलं काय ते मात्र कळतच नाही. ज्यांना नेमकं तेच कळून घ्यायचंय त्यांच्यासाठी आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या अजूनही बेस्ट, फुकट आहेत आणि वेळही खात नाहीत, फक्त ऐकायची एक पद्धत आहे, नाहीतर ‘मुख्यमंत्र्यांनी निर्देश दिले’ एवढं कानावर पडतं आणि चहा संपेपर्यंत विसरलेलं असतं.

पायरी १: एक बातमीपत्र पकडा

रेडिओवर बातम्या म्हणजे आपल्याकडे आकाशवाणीच, कारण खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगीच नाही. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथून प्रादेशिक बातम्या येतात. पुण्याचं सकाळी ७ वाजून ५ मिनिटांचं बातमीपत्र बऱ्याच घरांत घड्याळासारखं चालतं (२०२३ च्या जूनमध्ये तिथला वृत्त विभाग हलवायचा घाट घातला होता, ओरड झाली आणि निर्णय थांबवावा लागला, त्यावरून समजा किती लोक ऐकतात). घरी रेडिओ सेट नसेल तर न्यूज ऑन एअर ॲप टाका, त्यावर जुनी बातमीपत्रंही ऐकता येतात आणि वेबसाइटवर मजकूर मिळतो. मजकूर मिळणं फार कामाचं आहे, का ते खाली येईलच.

चारही केंद्रं ऐकायच्या भानगडीत पडू नका. सकाळचं एक, आणि अधिवेशन चालू असेल तेव्हा संध्याकाळचं एक, बस्स.

पायरी २: एकच विषय धरा

सगळं फॉलो करायला गेलात की आठवड्यात कंटाळणार. शाळा, पीक विमा, रस्ते, पाणी, भरती, जे तुमच्या घराला लागू आहे ते एक घ्या. वहीत किंवा फोनच्या नोट्समध्ये तारीख, खातं, आणि बातमीतलं क्रियापद एवढंच लिहायचं. हो, क्रियापदच, कारण पुढची सगळी मजा तिथे आहे.

पायरी ३: काम कुठपर्यंत आलंय ते ओळखा

आकाशवाणीची भाषा सरकारी आणि सपक असते असं सगळे म्हणतात आणि खरंच असते, पण त्याचा फायदा असा की कुठल्या टप्प्याला काय म्हणायचं हे त्यांच्याकडे जवळपास ठरलेलं असतं. ‘ग्वाही दिली’ म्हणजे भाषणात बोलले, कागदावर काही नाही. ‘निर्देश दिले’ म्हणजे बैठकीत अधिकाऱ्यांना सांगितलं, झालं तर झालं. ‘विचाराधीन आहे’ म्हणजे सध्या विसरा. ‘मंत्रिमंडळाने मंजुरी दिली’ इथून गोष्ट खरी सुरू होते, पण संपत नाही, कारण मंत्रिमंडळाच्या निर्णयानंतर संबंधित खात्याने शासन निर्णय म्हणजे जीआर काढावा लागतो आणि अटी-शर्ती, पात्रता, कधीपासून, हे सगळं त्या जीआरमध्ये असतं. मंत्रिमंडळाची बैठक साधारण मंगळवारी होते, म्हणून बुधवारचं सकाळचं बातमीपत्र चुकवू नका.

सभागृहात मंत्र्यांनी दिलेलं आश्वासन मात्र वेगळं. त्याची नोंद होते आणि विधिमंडळाची आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. त्यामुळे ‘विधानसभेत एका लक्षवेधी सूचनेला उत्तर देताना’ (लक्षवेधी म्हणजे तातडीच्या विषयावर आमदाराने मंत्र्याकडे मागितलेलं उत्तर) असं ऐकलंत की कान टवकारा, तेच वाक्य एखाद्या उद्घाटनात बोललेलं असेल तर त्याला तेवढं वजन नाही.

‘अध्यादेश काढला’ असं आलं तर अधिवेशन चालू नसताना सरकारने तात्पुरता कायदा केला. पुढचं अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत त्याचं विधेयक मंजूर झालं नाही तर तो संपतो.

जीआर आणि कायद्यातला फरक बघायचा असेल तर २०२५ सालच्या दोन गोष्टी शेजारी ठेवा. पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा, याचा जीआर १६ एप्रिलला निघाला, गदारोळ झाल्यावर १७ जूनला सुधारित जीआर आला, आणि २९ जूनला दोन्ही रद्द करून डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली. अडीच महिन्यांत सगळं आलं आणि गेलं, सभागृहात मतदान नाही काही नाही, कारण जीआर सरकारच काढतं आणि सरकारच मागे घेतं. आता जनसुरक्षा विधेयक (कडव्या डाव्या संघटनांवर कारवाईसाठी सरकारने आणलेलं) बघा: जुलै २०२४ मध्ये मांडलं, ती विधानसभा संपल्यावर डिसेंबरमध्ये नागपूरला परत मांडलं, दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं, तिथे १२ हजारांहून जास्त सूचना-हरकती आल्या, मग १० जुलै २०२५ ला विधानसभेत आवाजी मतदानाने मंजूर, दुसऱ्या दिवशी परिषदेत. म्हणजे लोकांना बोलायला मधे महिनेच्या महिने होते. बातम्यांत ‘समितीकडे पाठवलं’ ऐकून लोक समजतात विषय मिटला, पण सूचना द्यायची वेळ तीच असते.

पायरी ४: बातमीवरून कागदावर जा

दहा मिनिटांत आकडे नीट ऐकू येत नाहीत, म्हणून मजकूर उघडायचा, खात्याचं नाव आणि तारीख घ्यायची, आणि राज्य सरकारच्या शासन निर्णयांच्या वेबसाइटवर शोधायचं. जीआर मराठीत असतात, वाचायला जरा जड, पण शेवटची दोन पानं आणि परिशिष्ट वाचलं तरी पुष्कळ कळतं. जीआर सापडला नाही तर तसंच लिहून ठेवा, ‘मंजुरी आली, जीआर नाही’, आणि पुढच्या महिन्यात परत बघा.

पैशाचंही तसंच. योजना जाहीर झाली की पैसे कुठून, हे ‘पुरवणी मागण्या’ (अर्थसंकल्पानंतरच्या जादा खर्चासाठी सरकार विधिमंडळाकडे मागतं ते पैसे) या कंटाळवाण्या बातमीत असतं. लाडकी बहीण योजना २८ जून २०२४ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली, आणि पुढच्याच महिन्यात जवळपास ९५ हजार कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या, त्यातला मोठा हिस्सा याच योजनेसाठी होता. घोषणेवर सगळे बोलले, मागण्यांची बातमी कितीजणांनी नीट ऐकली असेल कोण जाणे.

पायरी ५: अधिवेशनात जास्त ऐका

वर्षात तीन अधिवेशनं, अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपूरला (१९५३ च्या नागपूर करारामुळे). विधानसभेत २८८, परिषदेत ७८ जागा. शेवटच्या आठवड्यात विरोधकांचा अंतिम आठवडा प्रस्ताव येतो, त्यावरच्या चर्चेत सरकारवरच्या तक्रारी एका जागी ऐकायला मिळतात. शेवटच्या दोन-तीन दिवसांत विधेयकंही धडाधड मंजूर होतात, बातमीपत्रात एका वाक्यात पाच विधेयकं उरकलेली असतात, तुमचं त्यात आहे का बघा.

आणि काय मिळणार नाही हेही सांगतो. आकाशवाणी प्रसार भारतीची, प्रसार भारतीला पैसा केंद्र सरकारचा, त्यामुळे सरकारची बाजू आधी आणि विरोधकांची नंतर, बऱ्याचदा एका ओळीत. आमदार फुटणार का, कोण नाराज, हे इथे ऐकूच नका. त्यात ‘दिलखुलास’सारखा कार्यक्रम आकाशवाणीवर लागत असला तरी तो राज्याच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाचा असतो, म्हणजे सरकारने स्वतःबद्दल दिलेली माहिती. योजनेचा अर्ज कसा करायचा हे कळायला चांगला आहे, योजना नीट चाललीय का हे त्यावरून ठरवू नका. तेवढ्यासाठी एखादं जिल्ह्याचं वर्तमानपत्र बरोबर ठेवाच, तिथे तुमच्या तालुक्यात पैसे आले की नाही ते येतं.

निवडणूक लागली की वहीला थोडी सुट्टी, कारण आचारसंहितेत नव्या घोषणा बंद होतात. त्या दिवसांत मान्यताप्राप्त पक्षांना आकाशवाणीवर मोफत वेळ मिळते, १९९८ पासून ही पद्धत आहे, सगळ्यांना ठरावीक वेळ आणि वर मागच्या निवडणुकीतल्या कामगिरीप्रमाणे जादा. ही भाषणं ऐकताना वहीतला तुमचा विषय उघडून ठेवा आणि कोण ‘केलं’ म्हणतंय, कोण ‘करू’ म्हणतंय, ते तुमच्याकडच्या तारखांशी लावून बघा.