सिम्युलेशन हॉकी लीगमध्ये ट्रेड डेडलाइनचे सौदे कसे करावेत

सिम्युलेशन आइस हॉकी लीगमध्ये फ्रँचायझी हॉकी मॅनेजर, ईस्टसाइड हॉकी मॅनेजर किंवा एसटीएचएस यांसारखा प्रोग्रॅम प्रत्येक सामना आकडेमोडीने खेळवतो आणि प्रत्येक संघाची सूत्रे एका जीएमच्या (जनरल मॅनेजरच्या) हाती असतात. उत्तर अमेरिकेतल्या प्रत्यक्ष एनएचएल या व्यावसायिक लीगपेक्षा इथे एक गोष्ट फार वेगळी आहे, ती म्हणजे बहुतेक लीगमध्ये खेळाडूंची रेटिंग सगळ्या जीएमना जवळजवळ सारखीच दिसतात. एखाद्या बचावपटूचे छुपे गुण तुम्हाला ठाऊक आहेत आणि समोरच्याला त्यांचा पत्ताच नाही, अशी वेळ क्वचितच येते. त्यामुळे डेडलाइनचा, म्हणजे मोसमातल्या खेळाडू-अदलाबदलीच्या शेवटच्या मुदतीचा, फायदेशीर सौदा जमतो तो कोणत्या संघाला कोणता खेळाडू किती दिवस उपयोगी पडणार आहे, याचा हिशेब इतरांच्या आधी मांडणाऱ्याला. पुढील सूचना त्याच हिशेबाच्या आहेत.

सुरुवात लीगच्या नियमावलीपासून करावी. डेडलाइनची तारीख सहसा खेळातल्या कॅलेंडरनुसार ठरलेली असते, पण तुमच्यासाठी खरी मुदत संपते ती कमिशनर (लीगचा संचालक) त्या दिवसाचा सिम (सामन्यांची आकडेमोड) चालवण्याआधी सौदे स्वीकारणे थांबवतो तेव्हा. त्या वेळेसोबत टाइम झोन लिहिलेला नसेल, तर तो आधीच विचारून घ्यावा. त्यानंतर एनएचएलचे कोणते नियम लीगने उचलले आहेत आणि कोणते सोडून दिले आहेत, हे पाहावे. एनएचएलमध्ये संघात २३ खेळाडूंची कमाल मर्यादा डेडलाइननंतर उठते, एका संघाकडे ५० पेक्षा जास्त करार असू शकत नाहीत, सौद्यात दिलेल्या खेळाडूचे निम्म्यापर्यंत वेतन आधीचा संघ आपल्याकडे राखू शकतो आणि एका वेळी असे तीनच करार संघाला राखता येतात. सिम्युलेशन लीग यांतले काही नियम जसेच्या तसे घेतात, काही बदलतात, तर काही प्रोग्रॅमला पेलत नाहीत म्हणून कमिशनर ते हाताने अमलात आणतो. प्रोग्रॅम एखादा सौदा मंजूर करतो, एवढ्यावरून तो लीगच्या नियमात बसतो असे समजू नये.

वेतनमर्यादेचा, म्हणजे सॅलरी कॅपचा, हिशेब थोडा सविस्तर समजून घेण्यासारखा आहे, कारण अर्धे जीएम इथेच चुकतात. एनएचएलची ही मर्यादा २०२५-२६ च्या मोसमासाठी ९ कोटी ५५ लाख डॉलर ठरली होती आणि ती दिवसागणिक मोजली जाते. तुमच्या लीगमध्येही दिवसागणिक मोजणी असेल, तर मोसमाच्या १९० दिवसांपैकी ४० दिवस उरले असताना घेतलेल्या खेळाडूचे वेतन फक्त त्या ४० दिवसांपुरते धरले जाते. मोसमभर १० लाख डॉलरची मोकळीक सांभाळणाऱ्या संघाला त्या दिवशी वार्षिक ४७ लाख ५० हजार डॉलरचा करार सामावून घेता येतो. म्हणून मर्यादेला अगदी खेटून असलेल्या संघाने डेडलाइनच्या कितीतरी आधी एखादा बिनकामाचा करार फार्म (दुय्यम) संघात पाठवावा, कारण त्या प्रत्येक दिवसाची बचत पुढे जमा होत जाते. ज्या लीगमध्ये संपूर्ण वार्षिक वेतन एकदमच मोजले जाते, तिथे मात्र हे गणित लागू पडत नाही आणि सगळा भर वेतन राखून घेण्यावर द्यावा लागतो. ६० लाखांच्या खेळाडूचे निम्मे वेतन विकणाऱ्याने राखले, तर तुमच्याकडे ३० लाख येतात. मध्ये तिसरा संघ घेऊन त्यानेही उरलेल्याचे निम्मे राखले, तर १५ लाख. एनएचएलने २०२५-२६ पासून अशा दुहेरी राखणीत दोन सौद्यांमध्ये ७५ दिवसांचे अंतर सक्तीचे केल्यामुळे तिथे ही युक्ती आता डेडलाइनच्या दिवशी चालत नाही. तुमची लीग जुन्या नियमांवर चालत असेल, तर मोकळीक असलेल्या एखाद्या तळाच्या संघाच्या जीएमशी आठवडाभर आधीच बोलून ठेवावे. त्या मध्यस्थाला सहसा चौथ्या-पाचव्या फेरीचा पिक, म्हणजे ड्राफ्टमध्ये नवा खेळाडू निवडण्याचा हक्क, पुरतो.

यानंतरचा प्रश्न म्हणजे विकत घ्यायचे की विकायचे. बहुतेक जण गुणतक्ता पाहून ठरवतात. मला गोलफरक अधिक विश्वासार्ह वाटतो, कारण ओव्हरटाइम आणि शूटआउटमध्ये मिळालेले गुण संघाची ताकद फुगवून दाखवतात. हॉकीत ढोबळमानाने सहा गोलांचा फरक म्हणजे एक विजय, अर्थात दोन गुण, असे धरतात. समजा, तुम्ही ज्याला बसवणार आहात त्याच्यापेक्षा नवा आघाडीचा खेळाडू ८२ सामन्यांत १५ गोलांनी सरस आहे. उरलेल्या २० सामन्यांत त्याचा फायदा साडेतीन-पावणेचार गोलांचा, म्हणजे जेमतेम सव्वा गुणाचा. प्लेऑफच्या (मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांच्या) रेषेपासून सहा गुण मागे असलेल्या संघाने अशा खेळाडूसाठी पहिल्या फेरीचा पिक देणे म्हणजे सरळसरळ उधळपट्टी होय.

या गणिताला एकच मोठा अपवाद आहे, आणि तो म्हणजे गोलरक्षक. प्रतिस्पर्धी प्रत्येक सामन्यात सुमारे २९ फटके मारतात असे धरा. तुमच्या गोलरक्षकाचे सेव्ह पर्सेंटेज (फटक्यांपैकी अडवलेल्यांचे प्रमाण) .८९० असेल आणि नवा गोलरक्षक .९१० चा असेल, तर सामन्यागणिक अर्ध्याहून अधिक गोल वाचतो. २० सामन्यांत जवळपास १२ गोल वाचतात, म्हणजे दोन विजय आणि चार गुण. तरीही बहुतेक खरेदीदार पहिल्या ओळीच्या (आघाडीच्या मुख्य तिकडीच्या) विंगरमागे धावतात आणि गोलरक्षकांच्या बाजारात गर्दी कमी असते. अर्थात, सेव्ह पर्सेंटेज हा चंचल आकडा आहे. दहा-बारा सामन्यांतल्या खराब कामगिरीवरून गोलरक्षक बदलू नये. आधी त्याची रेटिंग, थकवा आणि त्याच्यापुढच्या बचावफळीचा दर्जा पाहावा. लीगची फाइल उतरवून घेऊन उरलेला मोसम स्वतःच्या संगणकावर पुनःपुन्हा खेळवून पाहण्याची मुभा असेल, तर गोलरक्षक बदलून आणि न बदलता असे दोन्ही प्रकारे पाहावे. काही लीगमध्ये हे नियमबाह्य मानतात, एवढे लक्षात ठेवावे.

प्लेऑफमधील स्थान पक्के असलेल्या संघाचा हिशेब निराळा असतो. त्याला गुण नकोत, सगळ्या ओळींत दोन महिने टिकणारी ताकद हवी. एनएचएलच्या इतिहासातले गाजलेले सौदे पाहिले, तर हे चांगले कळते. १० मार्च १९८० रोजी न्यूयॉर्क आयलँडर्सनी बिली हॅरिस आणि डेव्ह लुइस हे दोन खेळाडू देऊन लॉस एंजेलिस किंग्जकडून बुच गोरिंगला घेतले. ब्रायन ट्रॉटियेमागे दुसऱ्या ओळीला भक्कम सेंटर नव्हता, ती उणीव भरून निघाली आणि आयलँडर्सनी त्या वर्षापासून सलग चार स्टॅनली कप जिंकले. टँपा बे लाइटनिंगने फेब्रुवारी २०२० मध्ये ब्लेक कोलमन आणि बार्कले गुड्रो या तिसऱ्या ओळीच्या खेळाडूंसाठी प्रत्येकी एक पहिल्या फेरीचा पिक मोजला, तेव्हा किंमत अवाच्या सवा आहे असे अनेकांना वाटले. पण कोलमनचा करार १८ लाख डॉलरचा आणि गुड्रोचा ९ लाख २५ हजारांचा होता, आणि दोघांच्याही करारांचे आणखी एक वर्ष शिल्लक होते. लाइटनिंगने २०२० आणि २०२१ असे दोन्ही कप जिंकले. कॅपने बांधलेल्या लीगमध्ये स्वस्त करार आणि हातात उरलेले जादा वर्ष यांना खेळाडूच्या रेटिंगइतकीच किंमत असते. याउलट वॉशिंग्टन कॅपिटल्सने २०१३ मध्ये मार्टिन एराट आणि मायकेल लाट्टा यांच्यासाठी तरुण फिलिप फोर्सबर्ग नॅशव्हिलला देऊन टाकला. एराट वर्षभरात वॉशिंग्टन सोडून गेला, तर फोर्सबर्ग नॅशव्हिलचा आघाडीचा गोलकर्ता झाला.

विकणाऱ्याची बाजू वरवर सोपी दिसते. उन्हाळ्यात करार संपणाऱ्या आणि पुन्हा करार न करू इच्छिणाऱ्या खेळाडूची तुमच्या दृष्टीने किंमत डेडलाइननंतर शून्य होते, म्हणून तो विकायलाच हवा. प्रश्न असतो तो कधी विकायचा. शेवटच्या तासापर्यंत थांबल्यास भाव चढतो, अशी समजूत आहे. मला ती पटत नाही. सिम्युलेशन लीगमधले जीएम नोकरी-अभ्यास सांभाळून खेळतात, शेवटच्या दिवशी निम्मे गैरहजर असतात आणि उरलेल्यांपैकी बहुतेकांची खरेदी उरकलेली असते. एकाच खेळाडूसाठी तीन-चार खरेदीदार अजून रिकाम्या हाताचे असतात, तेव्हा भाव सर्वोत्तम मिळतो, आणि ती वेळ साधारणपणे काही दिवस आधीच येऊन जाते.

बदल्यात काय घ्यावे, हे लीगच्या पद्धतीवर अवलंबून असते. ज्या लीगमध्ये खेळाडूंचा विकास प्रोग्रॅमच ठरवतो, तिथे वय आणि पोटेन्शियल पाहून होतकरू खेळाडू घ्यावेत. पण एसटीएचएसवर चालणाऱ्या अनेक लीग दर वर्षी प्रत्यक्ष एनएचएलच्या आकडेवारीवरून खेळाडूंना नवी रेटिंग देतात. अशा लीगमध्ये डेडलाइनच्या वेळी दिसणारी रेटिंग मागच्या मोसमाची असते आणि पुढची रेटिंग ज्यावरून ठरणार, तो मोसम डोळ्यांसमोर चालू असतो. ज्याची सध्याची रेटिंग उत्तम पण प्रत्यक्ष मोसम फसलेला आहे, असा खेळाडू विकणाऱ्याने लगेच द्यावा. ज्याची रेटिंग सामान्य पण प्रत्यक्षात जो बहरला आहे, त्याला मागून घ्यावे. खरेदीदाराला आजची रेटिंग हवी असते आणि विकणाऱ्याला उद्याची, त्यामुळे असा सौदा दोघांनाही मनापासून पटतो.

प्रस्ताव पाठवताना «कोण-कोण विकायचे आहेत?» असा मोघम प्रश्न विचारू नये, डेडलाइनच्या आठवड्यात त्याला उत्तरच मिळत नाही. समोरच्या संघाचे करार, वये आणि कॅप आधी पाहून नेमका निरोप लिहावा. उदाहरणार्थ: «नमस्कार. तुमच्या दुसऱ्या जोडीतल्या उजव्या हाताच्या बचावपटूचा करार या उन्हाळ्यात संपतो आहे. त्याचे निम्मे वेतन तुम्ही राखणार असाल, तर मी पुढील वर्षाचा माझा दुसऱ्या फेरीचा पिक आणि फार्म संघातला २० वर्षांचा विंगर देईन. वेतन राखता येणार नसेल, तर दुसऱ्या फेरीऐवजी तिसऱ्या फेरीचा पिक देईन. शुक्रवारच्या सिमआधी कळवावे, म्हणजे मला दुसरीकडे विचारता येईल.» या निरोपात वेतन राखण्याची वेगळी किंमत लावलेली आहे, समोरच्याला होकार किंवा नकार यांपलीकडे तिसरी वाट ठेवली आहे आणि मुदतही स्पष्ट आहे. नकार आला, तर त्यांना काय हवे होते ते अवश्य विचारावे. त्या उत्तरातून पुढच्या सौद्याची दिशा मिळते.

किमतीवर अडले, तर सशर्त पिक उपयोगी पडतो, मात्र अट प्रोग्रॅमच्या नोंदींवरून कोणालाही तपासता येईल अशीच लिहावी. «खेळाडूने चांगली कामगिरी केल्यास» ही अट भांडणाला आमंत्रण आहे. «संघाने प्लेऑफच्या दोन फेऱ्या जिंकल्या आणि त्या दोन फेऱ्यांतल्या किमान निम्म्या सामन्यांत हा खेळाडू उतरला, तर दुसऱ्या फेरीऐवजी पहिल्या फेरीचा पिक द्यावा» ही अट कमिशनर दोन मिनिटांत निकाली काढू शकतो. प्लेऑफच्या उंबरठ्यावर असताना स्वतःचा पहिल्या फेरीचा पिक देत असाल, तर त्याला संरक्षण मागावे. एनएचएलच्या पद्धतीत प्लेऑफ हुकलेले १६ संघ ड्राफ्टचा क्रम ठरवणाऱ्या लॉटरीत जातात आणि विजेता जास्तीत जास्त दहा क्रमांक वर चढू शकतो. म्हणजे तळापासून अकराव्या असलेल्या संघालाही पहिला पिक लागू शकतो. «पिक पहिल्या दहांत आल्यास तो माझ्याकडे राहील आणि त्याऐवजी पुढच्या वर्षीचा जाईल» हे एक वाक्य पुरेसे असते. पुढचे वर्षही तसेच गेले तर काय करायचे, तेही त्याच वेळी लिहून घ्यावे.

समोरचा संघ माणूस नव्हे, तर संगणक चालवत असेल, तर यातले बरेचसे आवश्यक नाही. तिथे प्रोग्रॅम पिकांना आणि वयाला किती वजन देतो, हे छोटे-छोटे प्रस्ताव टाकून चाचपडावे. मात्र लीगमध्ये माणसे असताना एखाद्या रिकाम्या, संगणकाच्या हाती असलेल्या संघाकडून स्वस्तात खेळाडू काढणे बहुतेक ठिकाणी गैर मानले जाते.

सौदा ठरला की दोन्ही जीएमनी स्वतंत्रपणे एकच मजकूर कमिशनरकडे पाठवावा. त्यात प्रत्येक खेळाडूचे पूर्ण नाव, प्रत्येक पिकाचे वर्ष, फेरी आणि तो पिक मूळ कोणत्या संघाचा आहे, राखलेल्या वेतनाची टक्केवारी आणि अटीचे शब्द असावेत. पिकाचा मूळ संघ लिहायचा राहून जाणे, ही नेहमीची त्रुटी आहे. तुमच्याकडे दुसऱ्या फेरीचे तीन पिक असतील, तर त्यांतला कोणता दिला, यावर जूनमध्ये वाद होतो. काही लीगमध्ये सौदा मंजूर करणारी समिती असते. तिला लागणारा वेळ मुदतीतून वजा करून आपली वेळ ठरवावी. एका सौद्याची कॅप दुसऱ्या सौद्यावर अवलंबून असेल, तर कोणता आधी नोंदवायचा, हेही लिहावे. अन्यथा पहिलाच सौदा मर्यादा ओलांडतो म्हणून परत येतो आणि दुरुस्तीला वेळ उरत नाही.

फाइल अद्ययावत झाल्यावर नवा खेळाडू मुख्य संघात आला आहे की फार्म संघात, हे आधी पाहावे. मग पाचास पाच खेळण्याच्या ओळी, पॉवर प्ले आणि पेनल्टी किलची (खेळाडू जास्त किंवा कमी असतानाची) पथके, फेसऑफचा क्रम आणि शेवटच्या मिनिटाची ओळ या सगळ्यांत गेलेल्या खेळाडूच्या रिकाम्या जागा भराव्यात, कारण त्या तशाच राहिल्या तर अनेक प्रोग्रॅम त्या स्वतःच्या मर्जीने भरतात किंवा ओळीच नाकारतात. गोलरक्षक घेतला असेल, तर पुढच्या सामन्यासाठी सुरुवातीचा गोलरक्षक म्हणून त्याचेच नाव दिले आहे याची खात्री करावी आणि ओळींची फाइल पुढच्या सिमआधी पाठवून ती स्वीकारली गेल्याचे पाहावे.