जळालेलं ऑइल प्यालेली माती साफ कशी करायची, आणि भांग का लावायची नाही

इंदूरला देवास नाक्याकडे काकांचा एक प्लॉट आहे, तो अकरा वर्षं एका गॅरेजवाल्याकडे भाड्याने होता. मागच्या दिवाळीत त्याने रिकामा केला आणि मागे काय ठेवून गेला तर शेडखाली सहा-सात पावलं लांब काळाकुट्ट डाग, जळालेलं ऑइल वर्षानुवर्षं तिथेच ओतलेलं, आणि कोपऱ्यात जिथे जुन्या बॅटऱ्या फोडायचे तिथे गवताचं पातंसुद्धा नाही. काकांना तिथे मेथी-पालक लावायचा होता. मी म्हटलं काका, जरा थांबा. तर ते म्हणाले, "अरे मी व्हिडिओ बघितला, परदेशात भांग लावून माती धुऊन काढतात, आपल्या इंदूरात तर भांगेला दुकानं आहेत दुकानं, लाव की!"

व्हिडिओ खोटा नव्हता. १९८६ मध्ये चेर्नोबिलच्या अणुभट्टीत स्फोट झाला, त्या भागात १९९८ च्या सुमारास हेम्प, म्हणजे नशा न देणारी भांगेची जात, लावून बघितलं होतं, आणि इटलीत तारांतोला पोलादाच्या कारखान्यामुळे जमिनीत डायॉक्सिन नावाचं विष गेलं, तिथेही शेतकऱ्यांनी हेम्प लावलं. हे झाड भराभर वाढतं, तीन-चार महिन्यांत पीक हाती, मुळं खोल, आणि कॅडमियम-निकेलसारखे धातू मातीत असले तरी फार कुरकुर करत नाही. पण आपल्याकडे १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा आहे, त्याला हेम्प आणि गांजा एकच, विनापरवाना लावलं तर दहा वर्षांपर्यंत आत. उत्तराखंडने २०१८ पासून लायसन्स द्यायला सुरुवात केली, पण ती शेतीसाठी, देवास नाक्याच्या प्लॉटसाठी नाही. गंमत म्हणजे २०२१ पासून हेम्पचं बी खायला परवानगी आहे, पण इथे पेरायला नाही! आणि ऑनलाइन 'सन हेम्प' म्हणून जे बी विकतात तो आपला साधा ताग, हिरवळीचं खत, त्याचा भांगेशी काही संबंध नाही. बिनधास्त लावा, पण त्याने कोपऱ्यातलं बॅटऱ्यांचं शिसं निघेल अशी आशा ठेवू नका.

आता मुख्य गोष्ट. ऑइल आणि शिसं हे दोन वेगळे रोग आहेत. ऑइल, डिझेल, ग्रीस ही शेवटी कार्बनची साखळी, ती तोडता येते, कुणीतरी खाऊन संपवू शकतं. शिसं मूलद्रव्य आहे, त्याला कुणी खाऊन संपवत नाही, ते फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी जातं. म्हणून डागाला बुरशी, आणि कोपऱ्यातलं शिसं जागेवरच बांधून वर गवत, उलटं केलंत तर सगळी मेहनत पाण्यात.

आधी टेस्ट करा. सरकारी सॉइल हेल्थ कार्डात बारा गोष्टी येतात, नत्र-स्फुरद-पालाश, पीएच, जस्त वगैरे, पण त्यात शिसं नाही आणि तेलही नाही, त्यामुळे कार्ड चांगलं आलं म्हणून खुश होऊ नका. प्रायव्हेट लॅबला शिसं, कॅडमियम आणि टीपीएच म्हणजे एकूण पेट्रोलियम असं स्पष्ट सांगायचं. नमुना पाच ठिकाणचा, वितभर खोल, मिसळून अर्धा किलो, डागाचा वेगळा आणि कोपऱ्याचा वेगळा. अमेरिकेत घराच्या अंगणातल्या शिशासाठी काळजीचा आकडा २०२४ मध्ये किलोला ४०० मिलिग्रॅमवरून २०० वर आणला, आमचा कोपरा त्याच्या बराच वर निघाला. घरच्या घरी एक टेस्ट करता येते: दोन कुंड्या, एकीत संशयित माती आणि एकीत चांगली, दोन्हींत वीस-वीस मेथीदाणे, आठ दिवसांनी मोजा. डागाच्या मातीत आमचे तीन उगवले, तेही पिवळे. (शिसं या टेस्टमध्ये पकडलं जाईलच असं नाही, मेथी शिसं असूनही छान उगवू शकते, म्हणून लॅब टाळू नका.)

मशरूमकडे येऊ. धिंगरी, म्हणजे ऑयस्टर मशरूम, ही लाकूड कुजवणारी पांढरी बुरशी. लाकडातलं लिग्निन फार चिवट असतं, ते तोडायला तिच्याकडे लॅकेससारखे एन्झाइम असतात, आणि ते एन्झाइम इतके बेफाम की ऑइलमधल्या कार्बनच्या कडीकडीच्या रिंगासुद्धा तोडतात. १९८५ मध्ये हिच्या जातभाईंवर प्रयोग करून डीडीटीसुद्धा तुटतं हे दाखवलं गेलं होतं.

कृती अशी. दहा किलो कोरडा गव्हाचा भुसा, इथे माळव्यात त्याला तोटा नाही, रात्रभर भिजवा, मग कडकडीत पाण्यात, साधारण ८० डिग्रीला तास-दीड तास ठेवा, निथळू द्या. मुठीत दाबला तर एक-दोन थेंब पडावेत, धार लागली तर ओला आहे. गार झाल्यावर एक किलो स्पॉन, म्हणजे मशरूमचं बियाणं, थराथरात पेरून पॉलिथिनच्या पिशव्यांत भरा, बारीक भोकं पाडा, सावलीत टांगा. पंधरा-वीस दिवसांत पिशवी पांढरीशुभ्र होते आणि आत भुसा केकसारखा घट्ट. हिरवे ठिपके दिसले तर ती दुसरी बुरशी, ती पिशवी बाहेर. एवढी कटकट नको असेल तर जवळच्या मशरूमवाल्याकडून तोडणी झालेल्या जुन्या पिशव्या मागा, तो बहुतेक फुकट देतो, आणि त्यात जीव शिल्लक असतो.

मग डागाची माती खणून ताडपत्रीवर काढायची, ताडपत्री हवीच, नाहीतर पाऊस पडला की ऑइल खाली. आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि ऑइल त्या भेगांतून हातभर खाली गेलेलं असतं, त्यामुळे वरचा वितभर थर काढून काम झालं असं समजू नका, ऑइलचा वास यायचा थांबेपर्यंत खणा. ढेकळं फोडा, एक घमेलं माती, एक घमेलं पांढरा भुसा, असे थर, ढीग गुडघ्याच्या वर नको कारण बुरशीला हवा लागते. वर ओली गोणपाटं, त्यावर ग्रीन नेट.

मी पहिला ढीग एप्रिलमध्ये लावला, अतिउत्साह, इंदूरचं ऊन काय असतं माहीत असून. आठवड्यात सगळं वाळून कडक, बुरशी मेली, भुसा वाया. दुसरा जुलैत लावला, तोच खरा सीझन, जुलै ते फेब्रुवारी. तीन आठवड्यांनी एकदा उलटला. ऑगस्टमध्ये ढिगावर राखाडी मशरूमचे झुपके आले, इतके देखणे की वहिनी परात घेऊन आल्या. नाही! जळालेल्या ऑइलमध्ये इंजिनाची झीज असते, धातू असतात, आणि मशरूम धातू ओढून घेतात. ऑइल तुटलं तरी हे खायचं नाही, शेजारच्या गवळ्याला भुसाही द्यायचा नाही, त्याने दोनदा मागितला. तीन महिन्यांनी वास जवळजवळ गेला, मेथी वीसातली तेरा उगवली, आता दुसरा राउंड लावणार.

बाय द वे, बुरशी आणि माती यांचं नातं इंदूरला नवीन नाही. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ पासून १९३१ पर्यंत इथेच होते, आज कृषी महाविद्यालय आहे त्या जागेवर, आणि जगभर कंपोस्टची जी 'इंदूर पद्धत' म्हणतात ती त्यांनी इथे बसवली. मुळांना धरून राहणाऱ्या बुरशीबद्दल ते सगळ्यांना सांगत सुटायचे. १९३५ मध्ये गांधीजीही ती पद्धत बघायला आले होते.

आता कोपरा. इथे मी काकांना बिलाच्या मागे हिशोब करून दाखवला. एक चौरस मीटर, वीस सेंटीमीटर खोल माती, साधारण अडीचशे किलो. त्यातून किलोमागे १०० मिलिग्रॅम शिसं काढायचं म्हणजे २५,००० मिलिग्रॅम. चांगलं पीक चौरस मीटरला एक किलो वाळलेलं देतं, त्यात किलोमागे ५० मिलिग्रॅम शिसं आलं असं उदार मनाने धरलं, तर ५०० पिकं. काका म्हणाले, "म्हणजे नातवाच्या नातवाला पालक." भांग असती तरी हाच हिशोब. त्यातून काळ्या मातीत चुनखडी, पीएच जास्त, चिकणमाती शिशाला धरून बसते, झाड ओढणार किती? मोहरी, सूर्यफूल कॅडमियम-जस्तासाठी लावून बघा, शिशासाठी वेळ घालवू नका. औषध टाकून शिसं सुटं करून झाडाला पाजण्याची आयडियाही आहे, पण सुटं झालेलं शिसं बोअरच्या पाण्यात गेलं तर?

म्हणून शिसं काढायचं नाही, जागेवर बांधून ठेवायचं. बॅटरीचं ॲसिड पडलेलं असेल तर आधी पीएच बघा, आम्ल निघालं तर चुना. मग हाडांची पूड किंवा रॉक फॉस्फेट, फॉस्फेट शिशाला धरून घट्ट खनिज करतं. वर तीन-चार बोटं कंपोस्ट आणि त्यावर हरळी, दाट, म्हणजे धूळ उडणार नाही. शिसं पोटात जातं ते मुख्यतः धुळीतून, मुलांच्या हातातून. काम करताना माती ओली ठेवा, झाडू मारू नका, मास्क लावा, चपला बाहेरच.

कापलेलं गवत, मोहरी, मशरूम यांचं काय? जाळायचं नाही. आणि कृपा करून निगमच्या पिवळ्या कचरागाडीच्या ओल्या कचऱ्यात टाकू नका, तो कचरा देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्लांटला जातो, सुरू झाला तेव्हा रोजची क्षमता ५५० टन, आणि मागे उरतं ते खत म्हणून शेतात. तुमचं शिसं दुसऱ्याच्या कांद्यात. वाळवून पिशवीत सील करून घरगुती घातक कचऱ्यात द्या, जास्त असेल तर नगर निगममध्ये विचारूनच.

हरळी लावली तेव्हा एक गोष्ट लक्षातच आली नव्हती. गणपतीच्या आदल्या संध्याकाळी आजी टॉर्च घेऊन प्लॉटवर, एकवीस जुड्या तोडायला, म्हणे इतकी कोवळी दूर्वा उभ्या आयुष्यात बघितली नाही. अर्ध्या जुड्या बांधून झाल्या होत्या. मी पाटणीपुऱ्याच्या बाजारातून दहा रुपयांची जुडी आणून दिली, आणि त्या कोपऱ्याला आता तार लावून घेतली आहे.