पेपर स्प्रे जवळ आहे, पण वेळेवर चालेल का? या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे स्प्रे पर्सच्या तळाशी ठेवणं. चाव्या, पॉवर बँक, टिफिनखाली दबलेला डबा हाताला लागेपर्यंत समोरचा माणूस अंगाशी आलेला असतो. स्टेशन ते घर या अंधाऱ्या रस्त्यावर स्प्रे हातातच हवा. एरवी पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात, आणि कप्पा रोज तोच.

मग अडतं ते लॉकपाशी. काही डब्यांना अंगठ्याने उचलायचं झाकण असतं, काहींचं बटण फिरवल्याशिवाय दबतच नाही. घाबरलेला माणूस लॉक न काढता नुसताच जोर लावतो. डबा चारही बोटांनी मुठीत धरा आणि बटणावर अंगठा ठेवा. तर्जनीने दाबायला गेलात तर पकड सैल पडते, एका हिसक्यात डबा जातो. नोझलचं तोंड कुठे आहे हे न बघता, चाचपून कळेपर्यंत घरी सराव करा, मात्र बटण न दाबता.

नवा डबा मोकळ्या जागी, वारा पाठीवर घेऊन, अर्धा सेकंद उडवून पाहा. लहान डब्याचा मारा साधारण २ ते ३ मीटर असतो. फवारा पसरणारा असेल तर नेम सोपा, पण वारा तो तुमच्याच तोंडावर आणतो. समुद्रकाठच्या गावांत म्हणूनच सरळ धार किंवा जेलवाला घ्यावा. नेम डोळ्यांवर, एक सेकंदाचा फवारा, आणि लगेच बाजूला सरका. परिणाम व्हायला काही सेकंद जातात. तोवर तो माणूस आंधळेपणानेही पुढे येऊ शकतो. काय होतंय ते बघत थांबू नका. उजेडाकडे, माणसांत पळा, ओरडा, ११२ लावा.

लिफ्टमध्ये किंवा बंद गाडीत उडवला तर तुम्हीही सुटत नाही. १३ फेब्रुवारी २०१४ ला लोकसभेत पेपर स्प्रे उडवला गेला, तेव्हा खोकून बेजार झालेल्या काही खासदारांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं, आणि ते सभागृह केवढं मोठं! रिक्षातून आधी खाली उतरणं शक्य असेल तर उतरा, मग उडवा.

स्वतःच्या डोळ्यांत गेला तर चोळू नका. मिरचीचा अर्क तेलकट असतो, नुसत्या हबक्याने निघत नाही. हात साबणाने धुऊन लेन्स काढा, डोळे उघडझाप करत भरपूर गार पाण्याने १५ मिनिटं धुवा, चेहऱ्याला बेबी शाम्पू लावा. तूप, तेल, क्रीम अजिबात नको. दम लागला तर थेट डॉक्टर.

डब्यातला दाब हळूहळू उतरतो. मुदत संपलेल्या डब्याची धार पायाशीच पडते, म्हणून तळावरची तारीख बघून बदला. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत तर ठेवूच नका.

भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही बचावाचा हक्क देतात, पण गरजेपुरताच. पार्किंगच्या भांडणात किंवा पळणाऱ्याच्या मागे लागून उडवलात तर गुन्हा तुमच्यावर दाखल होऊ शकतो. २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने पेपर स्प्रेला घातक शस्त्र म्हटलं आहे. विमानाच्या केबिन बॅगेत तो चालत नाही. आणि मुलगी शिकायला लंडनला निघाली असेल तर तिच्या कुठल्याच सामानात देऊ नका, ब्रिटनमध्ये १९६८ च्या फायरआर्म्स कायद्याखाली तो नुसता जवळ बाळगणंही गुन्हा आहे.