खोली सोडताना डिपॉझिट अडकलं तर

डिपॉझिट बहुतेक वेळा खोली सोडायच्या दिवशीच अडकतं. बदली झालेले शिक्षक, नर्स, बँकेचे लोक मे-जूनमध्ये सामान गाडीत भरतात, किल्ली देतात आणि घरमालक म्हणतो, "लाइटबिल येऊ द्या, मग पाहू." हा बहाणा आधीच बंद करा. निघायच्या दिवशी मीटरच्या, सबमीटर असेल तर त्याच्याही, आकड्याचा फोटो काढा. मागच्या बिलातल्या रीडिंगपासूनची युनिटं मोजून तेवढे पैसे ऑनलाइन पाठवा आणि 'शेवटचं लाइटबिल' असं त्यात लिहा.

विदर्भात दुसरं भांडण कूलरचं. खिडकीची जाळी काढून तो बसवलेला असतो, चार महिने खारं पाणी भिंतीत मुरतं आणि खाली पांढरे पोपडे सुटतात. हे नुकसान किरायेदाराचंच. मिस्त्रीकडून गिलावा करून पावती ठेवणं मालकाच्या अंदाजी कपातीपेक्षा स्वस्त पडतं. रंग विटणं, फरशी घासली जाणं मात्र वापरातली झीज. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चं कलम १०८ भाडेकरूला वाजवी झीज माफ करतं. करारात वेगळं लिहिलं नसेल तर अख्ख्या घराच्या रंगाचे पैसे कापणं टिकत नाही. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाडेकराराऐवजी नुसती राहण्याची परवानगी देणारा करार असेल तर त्यातली झिजेची अट वाचा.

किल्ली देताना दोन ओळींची ताबा पावती घ्या: तारीख, किल्ल्या किती, मीटरचा आकडा, डिपॉझिट किती बाकी, मालकाची सही. सही देत नसेल तर तोच मजकूर तिथूनच व्हॉट्सअॅपवर पाठवा. डिपॉझिट रोख दिलं आणि पावती नाही, असं गावात सर्रास असतं. तेव्हा खोली सोडण्याच्या महिनाभर आधी साधा मेसेज टाका: "तुमच्याकडे माझे २०,००० डिपॉझिट आहेत, ३१ तारखेला खोली सोडतो, पैसे कधी देता?" "देतो ना" एवढं उत्तर आलं तरी तो पुरावा. फक्त ते चॅट असलेला फोन जपा. कोर्टात त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

डिपॉझिट वसूल करायला मुदतीनंतर खोलीतच राहण्याचा सल्ला हमखास मिळतो. ऐकू नका. लिव्ह अँड लायसन्स असेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ प्रमाणे दुप्पट दराने भरपाई अंगावर येऊ शकते. हा कायदा त्याच्या अनुसूचीत (यादीत) दिलेल्या गावा-शहरांनाच लागू असतो. बाकी खेड्यांत करार आणि साधा दिवाणी कायदा चालतो.

पैसे आले नाहीत तर लेखी नोटीस द्या. वकील लागतोच असं नाही. कराराची तारीख, डिपॉझिट कधी आणि कसं दिलं, ताबा कधी सोडला, कोणती कपात मान्य, बाकी रक्कम आणि १५ दिवसांची मुदत लिहा. त्यानंतर व्याज मागू, हेही लिहा. करारात व्याजाची अट नसली तर व्याज अधिनियम, १९७८ प्रमाणे ते अशा लेखी मागणीपासून मागता येतं. नोटीस स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवा आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा.

पोलीस ठाण्यात "हे दिवाणी आहे" असंच सांगतील, आणि नुसत्या डिपॉझिटसाठी ते खरंही आहे. सामान कुलपात अडकवलं किंवा धमकी दिली तर मात्र तक्रार द्या.

कोर्टाआधी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा; ती तालुक्याच्या कोर्टातच असते. दावा न टाकताही प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं, कोर्ट फी लागत नाही, आणि तडजोड झाली तर तो निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच (डिक्री) बजावता येतो. मालक तिथे आलाच नाही तर कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे दावा. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि वर्षाला ३ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना वकील मोफत मिळतो. त्यासाठी १५१०० या विधी सेवा हेल्पलाइनवर फोन करा. दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं, पण तोंडी वायद्यांवर ती घालवू नका.